‘सर्वाधिक’ छापण्याआधी नोंदी मोजाव्यात

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

जून उजाडला की आपल्या दैनिकाच्या कोकण आवृत्तीत रोज तालुकावार पावसाचा तक्ता येऊ लागतो आणि त्याच्या बुडाशी ठळक टायपात एक ओळ असते, की गेल्या चोवीस तासांत जिल्ह्यात सर्वाधिक पाऊस अमुक तालुक्यात, इतके मिलिमीटर झाला. आमच्या घरी हा तक्ता पहिल्या पानाच्याही आधी वाचला जातो. सासरे चष्मा पुसून एकेक आकडा मोठ्याने वाचतात आणि ‘सर्वाधिक’ची ओळ आली की मान हलवतात, कधी पटल्याची, कधी न पटल्याची. न पटण्याचे कारण बहुधा एकच असते. एखाद्या तालुक्यापुढे नुसती आडवी रेघ असते, किंवा शेजारच्या दोन्ही तालुक्यांत शंभराच्या आसपास आकडे असताना मधल्या तालुक्यापुढे ‘०’ छापलेला असतो. भर जुलैत दापोली भिजली, चिपळूण भिजले आणि मधले खेड तेवढे कोरडे राहिले, असे कोकणात जन्मलेला कोणीही मानणार नाही. तिथली नोंद वेळेत पोचली नाही, एवढाच त्या शून्याचा अर्थ. हे पत्र त्या रेघेविषयी आणि त्या शून्याविषयी आहे.

मी गुहागर तालुक्यात गणित शिकवते. आमच्या प्रात्यक्षिकात ऑक्टेव्ह नावाचे गणिती सॉफ्टवेअर वापरतो. ते फुकट मिळते, जुन्या संगणकावरही चालते आणि मॅटलॅब या विकतच्या गणिती सॉफ्टवेअरसाठी लिहिलेला बराचसा प्रोग्राम त्यात तसाच चालतो, त्यामुळे लहान गावातल्या वर्गाला ते परवडते. पहिल्या काही प्रात्यक्षिकांतले एक म्हणजे दिलेल्या ॲरेतली, म्हणजे संख्यांच्या यादीतली, सर्वांत मोठी संख्या शोधणे. मुलांना हे काम पोरकट वाटते, कारण ‘मॅक्स’ ही आज्ञा तयार आहे, ती लिहिली की उत्तर येते आणि दहा मिनिटांत वही बंद करता येते. दहा मिनिटांचे हे काम दोन आठवडे पुरते, ते सगळ्या याद्या सारख्या लांबीच्या नसतात तेव्हा. आणि प्रत्यक्षात मोजलेल्या गोष्टींच्या याद्या सारख्या लांबीच्या जवळजवळ कधीच नसतात.

मला हे कळले ते विहिरींमुळे. काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांनी एका वाडीतल्या अकरा विहिरींची पाणीपातळी डिसेंबरपासून मेअखेरपर्यंत दर रविवारी मोजायची, असे ठरवले. सुंभाच्या दोरीला फुटाफुटावर गाठी, टोकाला दगड, एवढेच साधन होते. घरी आल्यावर फुटांचे मीटर करायचे. विहिरीचा काठ शून्य धरायचा आणि पाणी काठाखाली जितके असेल तितका उणे आकडा लिहायचा, अशी पद्धत ठरली. पाणी काठापासून ४.२० मीटर खाली असेल तर नोंद उणे ४.२०. अशा मांडणीत सर्वांत मोठी संख्या म्हणजे काठाला सर्वांत जवळचे पाणी, म्हणजेच त्या वाडीतली त्या आठवड्याची सर्वांत भरलेली विहीर. मेमध्ये पाणी कुठे उरले आहे हे कळावे, म्हणून हा सारा खटाटोप होता.

मेच्या दुसऱ्या आठवड्याचे उत्तर आले ०.०० मीटर. म्हणजे सड्यावरची ती वाडी टँकरची वाट पाहत असताना आमच्या संगणकाच्या मते एक विहीर काठोकाठ भरलेली होती. प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलीने तो मला अभिमानाने दाखवला, कारण तो कुठेही अडखळला नव्हता. त्यात तिने ‘आतापर्यंतचा सर्वांत मोठा आकडा’ या अर्थाचा एक चल घेतला होता, त्यात सुरुवातीला शून्य ठेवले होते आणि मग यादीतला एकेक आकडा त्याच्याशी ताडून, मोठा असेल तर बदलायचा, असे सांगितले होते. गुण, पगार, पाऊस, आंब्याच्या पेट्या अशा उणे नसणाऱ्या गोष्टींना ही रीत चालून जाते. इथे सगळेच आकडे उणे होते. त्यांतला एकही शून्याला हरवू शकत नव्हता, म्हणून जे शून्य यादीत नव्हतेच तेच विजयी ठरले. उपाय सोपा आहे: आरंभी यादीतला पहिलाच आकडा घ्यावा आणि दुसऱ्यापासून ताडायला लागावे.

मुलांना हे समजावताना मी कबड्डीचा आधार घेते. बाद पद्धतीच्या स्पर्धेत सोळा संघ असतील तर विजेता ठरायला पंधराच सामने लागतात, कारण विजेता सोडून प्रत्येक संघाला एकदा हरायचे असते आणि एका सामन्यात एकच संघ हरतो. संख्यांचेही तसेच आहे. ‘न’ संख्यांतून मोठी शोधायला ‘न’ उणे एक तुलना लागतात, त्याहून कमीत भागत नाही आणि जास्तीची गरज नसते. आरंभी शून्य ठेवणे म्हणजे प्रवेशिकाच न भरलेल्या एका संघाला थेट मैदानात उतरवणे. (उपविजेता म्हणून चषक घेणारा संघ खरोखर दुसऱ्या क्रमांकाचा असतोच असे नाही, तो पहिल्याच फेरीत विजेत्याकडून हरून घरी गेलेला असू शकतो, हेही याच हिशेबातून निघते, पण गावच्या मंडळांपुढे मी ते बोलत नाही.)

मुलीने प्रोग्राम दुरुस्त केला. उत्तर पुन्हा ०.०० मीटरच आले. फरक एवढाच, की या वेळी संगणकाने विहिरीचा क्रमांकही सांगितला: सातवी. ती एका आजींच्या अंगणातली. आम्ही वही घेऊन तिथे गेलो तेव्हा आजी रहाटाशेजारी रिकाम्या कळशा ओळीने मांडून बसल्या होत्या. मुलीने भाबडेपणाने विचारले, की तुमच्या बावीला पाणी काठापर्यंत आले होते का. त्या म्हणाल्या, “काठावर पाणी असतं तर मी टँकरची वाट कशाला बघत बसले असते गो?” आम्ही वाकून पाहिले. तळाला जांभ्याचा कातळ उघडा पडला होता आणि त्यावर एक फुटका पोहरा होता.

आता चूक प्रोग्रामात नव्हती, तक्त्यात होती. सातव्या विहिरीचे पाणी एप्रिलच्या मध्याला आटले, त्यामुळे तिच्या नोंदी तिथेच थांबल्या. तिसऱ्या विहिरीवर जाणारा मुलगा दोन आठवडे उशिरा सामील झाला, म्हणून तिची यादी उशिरा सुरू झाली. परीक्षांच्या काळात तर निम्म्या याद्यांत भोके पडली. अशा लहानमोठ्या याद्या एकाखाली एक ठेवून चौकोनी तक्ता करायचा म्हटले, की रिकाम्या घरांत काहीतरी भरणे भाग पडते, आणि ऑक्टेव्ह, मॅटलॅब आणि त्यांच्यासारखेच सायलॅब या तिघांचाही स्वभाव असा, की ज्या घराविषयी तुम्ही काहीच सांगितले नाही तिथे ती न विचारता शून्य ठेवतात. चारच आकडे असलेल्या ओळीत सातव्या जागी एक आकडा ठेवायला सांगून पाहावे. पाचव्या आणि सहाव्या जागी शून्ये आपोआप येऊन बसतात. कोणी तक्रार करत नाही, लाल अक्षरांत इशाराही येत नाही. सातव्या विहिरीचे मेमधले शून्य असे आले होते. आटलेली विहीर संगणकाच्या लेखी तुडुंब भरली होती.

आपल्या तक्त्यातले खेडपुढचे शून्य याच जातीचे आहे, हे मला सांगायचे आहे. कोणी मुद्दाम खोटे लिहिले असे मी म्हणत नाही. रिकामे घर बरे दिसत नाही म्हणून कुठेतरी, कोणाच्या तरी संगणकात, ते भरले जाते.

इथे कोणी म्हणेल, की पाऊस काही उणे पडत नाही, तेव्हा पावसाच्या तक्त्यात दोनचार खोटी शून्ये मिसळली तरी सर्वांत मोठा आकडा तोच राहणार. आकडेमोडीपुरते ते खरे आहे, आणि त्यामुळेच ही सवय अंगवळणी पडली आहे. वर्षाचा रोजचा पाऊस बारा ओळी आणि एकतीस रकाने अशा तक्त्यात भरला तर घरे ३७२ होतात आणि दिवस ३६५, म्हणजे ७ घरे अशा तारखांची असतात ज्या पंचांगातच नाहीत. ३० फेब्रुवारीला शून्य मिलिमीटर पाऊस पडला असे त्या तक्त्यात लिहिलेले असते आणि वर्षाचा कमाल आकडा त्याने बदलत नाही. सरासरी मात्र त्याच घटकेला खाली येते. आणि तोच साचा, तोच प्रोग्राम, उद्या भरती-ओहोटीला लावला की घोटाळा होतो. आमच्या किनाऱ्यावर साधारण बारा तास पंचवीस मिनिटांनी भरती पुन्हा येते, म्हणून रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटे उशिरा लागते. याचा परिणाम असा, की बहुतेक दिवशी दोन भरत्या आणि दोन ओहोट्या मिळून चार नोंदी असतात, पण साधारण आठवड्यातून एक दिवस असा येतो, की चौथी मध्यरात्र ओलांडून पलीकडे जाते आणि त्या दिवसाच्या वाट्याला तीनच उरतात. होडी काढणाऱ्यांना हे सांगावे लागत नाही. आता मध्यम समुद्रपातळी शून्य धरून ओहोट्यांच्या उंच्या लिहिल्या तर त्या उणे येतात, आणि तीनच नोंदींच्या दिवशी ओहोटीच्या रिकाम्या घरात बसलेले शून्य त्या महिन्याची सर्वांत ‘उंच’ ओहोटी म्हणून निवडून येते.

मग रिकाम्या घरात ठेवायचे तरी काय? यावर सॉफ्टवेअरमध्येच एकमत नाही, आणि माझ्या मते विद्यार्थ्यांनी पाहण्यासारखी सर्वांत गमतीची गोष्ट हीच आहे. ज्या यादीत एकही आकडा नाही तिच्यातला सर्वांत मोठा आकडा कोणता, असे प्रत्येकाला विचारून पाहावे. ऑक्टेव्ह रिकामी यादीच परत हातात देते. पायथॉन उत्तर द्यायला नकार देते आणि चूक दाखवून थांबते. मॅथेमॅटिका उणे अनंत म्हणते. आर ही संख्याशास्त्राची भाषाही उणे अनंतच सांगते, पण सोबत एक इशारा छापते. आणि कचेऱ्यांत, शाळांत, बहुधा आपल्या उपसंपादकांच्या टेबलावरही उघडी असलेली एक्सेल स्प्रेडशीट शांतपणे शून्य म्हणते. या सर्वांत एकट्या तिच्याच उत्तराने माणूस फसू शकतो, आणि सर्वांत जास्त वापरली जाते तीच.

उणे अनंत हे उत्तर मुलांना आधी विचित्र वाटते, पण त्यामागे नीट विचार आहे. जिल्ह्याचा कमाल आकडा काढायचा तर प्रत्येक तालुक्याचा कमाल आकडा काढून त्यांतला मोठा घेतला तरी चालते. सरासरीला ही सवलत नाही, कारण याद्यांच्या लांब्या वेगवेगळ्या असल्या की सरासऱ्यांची सरासरी खरी सरासरी राहत नाही. आता एखाद्या तालुक्याची नोंदच नसेल आणि त्याच्या वतीने उणे अनंत सांगितले, तर बाकीच्यांच्या तुलनेत ते कधीच जिंकत नाही आणि जिल्ह्याचे उत्तर जसेच्या तसे राहते. शून्य सांगितले तर ते कधी जिंकेल याचा नेम नाही. आमच्या आटलेल्या विहिरीलाही उणे अनंत शोभते. तिथे आपल्याला काहीच माहीत नाही असे नव्हते. पाणी तळाच्याही खाली गेले होते, म्हणजे ती विहीर सर्वांत भरलेली असणे शक्य नव्हते, एवढे पक्के माहीत होते.

ज्या रविवारी कोणी मोजायलाच गेले नाही त्या रविवारची गोष्ट वेगळी. पाणी होते, किती ते ठाऊक नाही. यासाठी गणिती सॉफ्टवेअरमध्ये ‘नॅन’ नावाची एक खूण आहे, ‘ही संख्या नव्हे’ अशा अर्थाची; दशांश संख्या संगणकात कशा ठेवायच्या याचे जे आंतरराष्ट्रीय मानक १९८५ साली ठरले, त्यातच तिला जागा दिलेली आहे. तिचा स्वभाव असा, की ‘मोठी आहे का’, ‘लहान आहे का’, ‘समान आहे का’ या तिन्ही प्रश्नांना ती नाहीच म्हणते, अगदी स्वतःशी तुलना केली तरी. ऑक्टेव्हची तयार ‘मॅक्स’ आज्ञा नॅन वगळून उत्तर देते. आर मात्र यादीत एक जरी नोंद हरवलेली असली तरी उत्तरही हरवलेलेच देते, तुम्ही स्पष्ट सांगितल्याशिवाय ती वगळत नाही. मला आरची रीत अधिक सभ्य वाटते, पण वर्गात माझ्या बाजूने फार हात वर होत नाहीत. घरी लिहिलेल्या प्रोग्रामात तर आणखी मजा आहे: नॅन यादीच्या मध्ये असेल तर ती तुलनेत हरते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही, पण पहिल्याच जागी असेल तर ती गादीवर बसते आणि पुढचा एकही आकडा तिला हरवू शकत नाही. पायथॉनच्या साध्या ‘मॅक्स’मध्येही हेच घडते. तेच आकडे, फक्त क्रम बदलला, आणि उत्तर बदलले. उशिरा सामील झालेल्या मुलाची तिसरी विहीर आम्हाला हे शिकवून गेली.

एवढ्यावर पत्र संपले असते, पण पावसाच्या तक्त्याला यापेक्षा मोठा एक दोष चिकटतो आणि तो कोणत्याही खुणेने जात नाही. याद्यांची लांबीच वेगळी असेल तर त्यांच्या कमाल आकड्यांची तुलना न्याय्य नसते. प्रत्येक तालुक्यातल्या महसूल मंडळांची, म्हणजे गावांच्या गटांची, संख्या सारखी नसते, म्हणून मंडळनिहाय पर्जन्यमापकांच्या याद्याही कमी-जास्त लांबीच्या असतात. समजा एका तालुक्यात बारा मापके आहेत, दुसऱ्यात चार, आणि पाऊस दोन्हीकडे अगदी सारख्याच स्वभावाचा आहे. सोळा मापकांपैकी कोणतेही एक पहिले येण्याची शक्यता सारखी धरली, तर सर्वाधिक पावसाचा मान बारा मापकांच्या तालुक्याकडे जाण्याची शक्यता सोळात बारा, म्हणजे ७५ टक्के होते. तिथे पाऊस जास्त पडतो म्हणून हा मान मिळत नाही, भांडी जास्त मांडली आहेत म्हणून मिळतो. चारांपैकी दोन मापकांची नोंद त्या दिवशी आली नाही, तर दुसऱ्या तालुक्याची शक्यता चौदात दोनवर येते.

‘विक्रमी’ या आवडत्या शब्दाचेही तेच. नवे मापक बसवले की पहिल्या वर्षीचा कमाल पाऊस हा विक्रमच असतो, दुसऱ्या वर्षी विक्रम मोडण्याची शक्यता निम्मी, तिसऱ्या वर्षी एक तृतीयांश, अशी ती उतरत जाते. हवामानात काहीही बदल नाही असे धरले तरी पहिल्या दहा वर्षांत सरासरी तीनेक विक्रम आणि तीस वर्षांत चारेक विक्रम नुसत्या गणिताने होतात, आणि त्यांतले बहुतेक सुरुवातीच्या वर्षांत असतात. ‘पाच वर्षांतील विक्रम’ ही बातमी म्हणून कितपत मोठी, ते वाचकाला यावरून कळते. पण मापक किती वर्षांचे आहे हे छापले असेल तरच.

आणि नोंदी हरवतात त्याही कशाही हरवत नाहीत. ज्या दिवशी पऱ्याला पाणी येऊन वाट बंद होते, वीज जाते, मोबाइलचा टॉवर बंद पडतो, त्याच दिवशी सकाळी साडेआठची नोंद तालुक्याला पोचत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती, हे आपल्या सर्वांच्या आठवणीत आहे. अशा दिवसाच्या रिकाम्या घरातच बहुधा सर्वांत मोठा आकडा असायला हवा होता. पाऊस जवळच्या दोन ठिकाणीही किती वेगळा असू शकतो हे २६ जुलै २००५ ने दाखवले: सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर आणि त्याच शहरातल्या कुलाब्याला त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. त्या दिवशी सांताक्रूझची नोंद आली नसती आणि तिच्या जागी शून्य बसले असते, तर मुंबईतला पाऊस कागदोपत्री अगदीच बेताचा ठरला असता. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर आपल्याकडे ती अतिवृष्टी धरतात आणि भातशेतीच्या नुकसानीचा विचार तिथून सुरू होतो. ज्याच्या मळ्यात बांध फुटला आहे त्याच्यासाठी ते शून्य छपाईची चूक राहत नाही.

जाता जाता एक लहान गोष्ट, खास आपल्या संगणक विभागासाठी. आकडे मजकूर म्हणून भरले असतील तर ते मोठ्याकडून लहानाकडे लावताना सॉफ्टवेअर अक्षरे ताडते, आणि मग ‘९८’ हा ‘१०४’ च्या वर जातो, कारण नऊ हे अक्षर एकच्या पुढचे. तक्त्यात तसा क्रम दिसला, की तो आकडा कसा भरला आहे ते आधी पाहावे.

मी मोठे काही मागत नाही. रिकाम्या घरात शून्य न छापता रेघच छापावी आणि ‘सर्वाधिक’च्या ओळीपुढे कंसात नोंदी किती आल्या ते लिहावे: रत्नागिरी जिल्ह्याच्या तक्त्याखाली ‘९ पैकी ७ तालुक्यांच्या नोंदींनुसार’, सिंधुदुर्गच्या तक्त्याखाली ‘८ पैकी ८’. पाऊस खरोखर पडला नसेल तिथे शून्य जरूर असावे. मेच्या अखेरीस त्याची आम्हाला सवय आहे. ज्या शाळा-महाविद्यालयांना वर्गात हे करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे सायलॅबचे पाठ फुकट आहेत, आणि गावात विहिरी आहेतच. आमच्या वहीत आता तीन खुणा आहेत: मोजले तर आकडा, कोणी गेले नाही तर रेघ, आणि बाव आटली असेल तर ‘को’. त्या मुलीनेच त्या ठरवल्या आणि पुढच्या तुकडीला शिकवल्या.

कंसातल्या त्या चार शब्दांना जागा नसेल तर त्या दिवशी ‘सर्वाधिक’ची ओळच गाळावी. आमच्या घरी त्याने काही अडत नाही. सासरे तक्त्यातून मोठा आकडा स्वतःच शोधतात, आणि कुठे रेघ दिसली की त्या तालुक्यात जी कोणी बहीण, भाचा किंवा व्याही असेल त्याला फोन लावून आधी पावसाचे विचारतात आणि मग प्रकृतीचे.

आपली विश्वासू,

गणिताची एक शिक्षिका
ता. गुहागर, जि. रत्नागिरी